वाट देणारी माणसं

१

आमच्या घराला पॅसेज आहे असं म्हणण्यापेक्षा पॅसेजला घर चिकटलंय असं म्हणणं जास्त खरं. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एकच लांब, अरुंद बोळ. एका हाताला कोरी भिंत, दुसऱ्या हाताला खोल्या. आधी सासूबाईंची, मग आमची, शेवटी आमच्या लेकीची, ठकीची. खिडकी नाही. भर दुपारीही बल्ब लावल्याशिवाय पायाखालचं दिसत नाही. आमच्या दारासमोरची एक लादी सैल आहे, वजन पडलं की टक वाजते. "रविवारी बसवून टाकतो," असं हे लग्नाच्या वर्षापासून म्हणतायत. आणि बोळाची रुंदी इतकी बेताची की दोघं समोरासमोर आली की एकाने भिंतीला पाठ टेकायची, पोट आत ओढायचं, पावलं जुळवायची आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं.

लग्न होऊन आले त्या दिवशी मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन इथे गोंधळून उभी राहिले, तेव्हा सासूबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या. "अंग चोर जरा. कपाटासारखी मधोमध काय उभी राहतेस?"

मग त्यांनी करून दाखवलं. पाठ भिंतीला, हनुवटी छातीशी, हात पोटावर बांधलेले, आणि अगदी हळू, "या." ही त्यांच्या माहेरची सवय, त्यांच्या आईची. "आमच्यात कुणी कुणाला अडवत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अडवणाऱ्यांच्याच घरातून आले होते.

मी शिकले. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. दुसऱ्याला वाट द्यायची म्हणजे एक प्रकारचा नमस्कारच की. पुढेपुढे ते इतकं अंगात मुरलं की बाजारात, बसमध्ये, कुठेही समोरून कुणी आलं की माझी पाठ आपोआप भिंत शोधायची. ठकी चालायला लागली तेव्हा तिलाही मीच शिकवलं. एवढीशी पोर भिंतीला टेकून उभी राहायची, पोटावर मुठी, आणि अंगठे मुठींच्या आत मिटलेले. "अगं, अंगठे बाहेर काढ," असं मी कितीदा सांगितलं, पण ते तिचं कधी सुटलं नाही. अजून ती तशीच उभी राहते.

या घरात वाट न देणारं माणूस एकच, वन्सं. ह्यांची धाकटी बहीण. लहानपणापासून खांदा मारून जायच्या, आणि त्यापायी आईच्या हातचे पुष्कळ धपाटे खायच्या. आता माहेरी आल्या तरी मिरवणूक निघाल्यासारख्या बोळातून येतात, आणि मीच आपली भिंतीला चिकटते.

२

सासूबाईंचं विसरणं सुरू झालं तेव्हा त्यांची साठीही झाली नव्हती. आधी शब्द गेले. मग गॅसवरचं दूध, मग शेजारीण, मग मी. आता मी "ती बाई" आहे. ती बाई माझी लुगडी चोरते. त्या बाईने सूपमध्ये काहीतरी कालवलंय. भरवताना त्या माझ्या मनगटाला चिमटा काढतात, तो नेमका कालच्या चिमट्यावर. मी मनात म्हणते, असू दे, हाताला तरी माझी ओळख राहिलीय.

माझा दिवस ठरलेला असतो. आंघोळ, देवापुढे दिवा, आणि दिवा तेवतोय तोवर मौन. हा नेम ठकीच्या जन्मापासूनचा. ती फार अशक्त जन्मली होती. मी देवाला म्हटलं, हे लेकरू जगव, तुझा दिवा तेवतोय तोवर मी रोज तोंड उघडणार नाही. देवाने त्याचा शब्द पाळला, मी माझा पाळते. त्यात कौतुक काही नाही. देवघेव सरळ असली की मन शांत राहतं.

त्या सकाळी दिवा तेवत होता. मी सासूबाईंसाठी कोमट पाण्याची बादली घेऊन स्वयंपाकघरातून निघाले, तर त्या आपल्या खोलीबाहेर उभ्या. भिंतीला पाठ, हनुवटी छातीशी, हात पोटावर.

"या," त्या म्हणाल्या.

पुढचं दार आतून बंद होतं. बोळात मी सोडून कुणी नव्हतं, आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

हे तसं नवं नव्हतं. विसरणं सुरू झालं तेव्हापासून त्यांच्याकडे कुणीतरी येतच असे. खोलीतली खुर्ची फरशीवरून खर्रकन ओढायच्या आणि म्हणायच्या, "बसा." हे हसून म्हणायचे, "आईकडे पाहुण्यांची वर्दळ फार." या आजारात माणसाला नसलेली माणसं दिसतात, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. आम्ही ते मान्य करून टाकलं होतं.

मला टोचलं ते वेगळंच. इतकी वर्षं पाहुणा त्यांच्या खोलीत यायचा आणि तिथेच थांबायचा. आज त्या खोलीच्या बाहेर होत्या. त्यांची नजर त्यांच्याच दारावरून हळूहळू पुढे सरकली, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आणि आमच्या दाराशी येऊन थांबली.

तेवढ्यात टक झालं.

माझ्या हातातलं पाणी हिंदकळलं. लादी माझ्यापासून लांब होती. पण जुन्या घराच्या लाद्या थंडीने आक्रसतात, उन्हाने फुगतात. तेवढं मलाही कळतं.

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. बसची गर्दी उतरून गेल्यावर कंडक्टर सोडतो तसा. "गेले एकदाचे पुढे," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं.

३

हे लिफ्टवाले. लिफ्ट बसवायच्या, दुरुस्त करायच्या. माणूस हुशार, तोंडाचा फटकळ, हाताचा अचूक. पण त्या सुमाराला ब्रेकचा नट आवळला की नाही हे बघायला पुन्हापुन्हा कामावर परत जायला लागले. मग एका इमारतीत वरच्या मजल्याचं दार उघडंच ठेवून जेवायला बसले. आत लिफ्ट नव्हती, नुसता खाली जाणारा काळोख होता. कामावरच्या जोडीदाराने वेळेत पाहिलं म्हणून बरं. कंपनीने सांगितलं, डोकं तपासून या.

"माझं डोकं ठिकाणावर आहे," हे वाटेत मला म्हणाले. "तुझंच काहीतरी झालंय. सारखी माझ्याकडे टक लावून बघतेस."

"तुम्ही देखणे आहात म्हणून बघते," मी म्हटलं. पूर्वी यावर हसले असते.

मोठा दवाखाना. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. आत आम्ही दोघंच. लिफ्टमध्ये शिरलं की हे आधी कान देतात. "ऐक. वरचा वायर-रोप कोरडा पडलाय. ज्यांनी बसवलीय त्यांना उलटं टांगायला पाहिजे." मला बरं वाटलं. शिव्या शाबूत होत्या.

मधल्या एका मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं. समोर रिकामं बाक, भिंतीला टेकवलेला फरशी पुसायचा मॉप, आणि ओल्या फरशीवर ट्यूबलाइटचा लांब पांढरा पट्टा. माणूस नाही.

ह्यांनी स्टीलच्या भिंतीला पाठ टेकली. हनुवटी छातीशी नेली. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताचा अंगठा दार उघडं ठेवायच्या बटणावर. "या," हे म्हणाले.

ओल्या फरशीवर पाऊल उमटलं असतं, तर मला दिसलं असतं. उमटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय.

दार मिटलं. "अहो," मी म्हटलं, "कुणासाठी थांबवलीत?"

"त्यांना वर जायचंय ना."

"कुणाला?"

"डोळे आहेत ना तुला? की तेही देवाला वाहिलेस?" हे एवढ्या जोरात ओरडले की लिफ्टमध्ये घुमलं. आयुष्यात कधी माझ्यावर ओरडले नव्हते.

 कामावर रोज लिफ्टमधून येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट द्यावी लागते, हाताला सवय, असं मनाला समजावलं. मग माझं लक्ष गेलं. हे एका कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. आणि मी दुसऱ्या. मधली सगळी जागा आम्ही मोकळी सोडली होती.

४

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं स्वच्छ, माया वगैरे काही नाही. ह्यांच्या आईकडच्या आजीचं विचारलं, आईचं विचारलं, आईच्या भावाचं विचारलं. सगळेजण पन्नाशीच्या आगेमागे विसरायला लागलेले. त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावून निकाल सांगितला.

"बहुतेक घरांत हा आजार असा सरळ येत नाही," त्या म्हणाल्या. "घराण्यात असला तर धोका थोडा वाढतो, एवढंच. तुमच्या घरात मात्र एकाच जनुकातला बदल सरळ खाली येतोय. तो सासूबाईंकडून यांच्यात आलाय."

हे खिडकीतून समोरच्या इमारतीची लिफ्ट बघत होते.

"आणि आमची मुलगी?"

"निम्मी शक्यता. मुलगा होईल की मुलगी, तसं समजा. तिला तपासायचं असेल तर तिने स्वतः यावं. आणि तिने हे लक्षात घ्यावं की जे काही आहे ते ती पोटात असतानाच ठरलंय. आम्ही ते फक्त वाचतो. घडवत नाही, बदलतही नाही."

मला त्या वाक्याचा आधार वाटला. निम्मी शक्यता म्हणजे निम्मं चांगलं. आणि ठरलेलं असेल तर ते ठरवणाऱ्याशी माझी जुनी ओळख आहे.

पण घरी येऊन दार उघडलं आणि समोर तो बोळ दिसला, तेव्हा दुसराच विचार आला. सगळं पोटातच ठरलं असेल, तर मग हे रोज इथून कोण जातं? काय न्यायला येतं?

निकाल कळल्यावर संध्याकाळी वन्सं आल्या. आईला भेटायला नाही, मला सांगायला. "मी कधीच तपासून घेतलंय वहिनी. माझ्यात नाही." हातातली पर्स खाली न ठेवता त्या म्हणाल्या. "दादाचं मला आधीच वाटत होतं. आता पोरीचं बघा. इतकी वर्षं नेम करून काय दिवे लावलेत, ते कळेलच."

"वन्सं, तुमच्यात नाही हे ऐकून मला खरंच आनंद झाला," मी म्हटलं. खरंच झाला होता.

त्यांना राग आला. चांगुलपणाचा काही लोकांना राग येतो. बोळातून जाताना त्यांनी नेहमीसारखा मला खांदा मारला, आणि मी भिंतीला टेकून त्यांच्या पाठमोऱ्या खांद्याकडे बघत राहिले. या घरातलं वाट न देणारं एकच माणूस. आणि तेच सुटलेलं.

छे. मूर्खपणा. पोटातच ठरलं होतं.

५

ठकी दातांच्या प्रयोगशाळेत काम शिकते. लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे करायचे, त्यावरून कवळ्या घडवायच्या. तिच्या खोलीतल्या फळीवर रांगेने पांढरे जबडे मांडलेले असतात. हे म्हणायचे, "या खोलीत शिरलं की सगळे माझ्यावर दात काढतात." टेबल एक, खुर्ची एक, आणि ती त्या खुर्चीवर मांडी घालून एकेका दाताला कानस लावत बसते.

"मी रक्त देऊन आले," तिने जबड्यावरून नजर न काढता सांगितलं.

"आज? मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू उपास धरला असतास."

ते खरं होतं. मी हसले. ती हसली नाही.

"आई, एक विचारू? बाबा असे व्हायला लागलेत, आजी तुला चिमटे काढते, आत्या येऊन थुंकून जाते. आणि तू दिवा लावून गप्प बसतेस. तुला राग कसा येत नाही?"

"राग करून काय होणार गं? मी तुझ्यासाठी मागतेय. तो देईल."

"कोण देईल? ज्याने हे आजीला दिलं, बाबांना दिलं, तोच ना?" तिने कानस टेबलावर आपटली. "तुझे नेम तुझ्यापाशी ठेव. मला त्यात घेऊ नकोस. आणि दारात उभी राहू नकोस, मला कोंडल्यासारखं होतं."

मी बाजूला झाले. पाठ भिंतीला. तशी ती ताडकन उठली, मला ओलांडून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि परत येताना थबकली. बोळाच्या पुढच्या टोकाकडे बघत. बल्ब होता, उजेड होता, समोर काही नव्हतं. नकळत तिचे हात पोटावर गेले, अंगठे मुठीत.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. बाबा येतायत असं वाटलं."

हे खोलीत झोपले होते. घोरणं ऐकू येत होतं.

६

पुढच्या दिवसांत ह्यांचं विसरणं झपाट्याने वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधीकधी होतं असं. एके दुपारी मी कपडे वाळत घालत असताना आमच्या खोलीतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. खर्र. मग ह्यांचा आवाज, पाहुण्याशी बोलतात तसा. "बसा ना." मी ओला टॉवेल हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आत गेले नाही. गेले असते तर खुर्ची रिकामीच दिसली असती, आणि ती रिकामी बघायची माझी हिंमत नव्हती.

आणि नंतर एक दिवस हेही खोलीच्या बाहेर आले. सकाळीच. आमच्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभे, मान खाली, आणि नजर पुढे सरकतेय. आमच्या दारावरून ठकीच्या दाराकडे.

त्याच दिवशी मी सासूबाईंची वेणी घालत होते. त्या आरशात बघत होत्या, माझ्याकडे नाही. मधेच म्हणाल्या, अगदी पूर्वीच्या खणखणीत आवाजात, "माझ्या आईने वाट दिली."

माझा फणीचा हात थांबला.

"मी म्हणायचे, आई कुणाला गं वाट देतेस? ती म्हणायची, मोठी माणसं आहेत, अडवू नये. मग माझ्याकडे आले, मी दिली. मग माझ्या लेकाने दिली." त्यांनी आरशातून माझ्यावर डोळे रोखले. "अडवायला पाहिजे होतं. पण अंग ऐकत नाही मेलं. समोर येऊन उभं राहिलं की आपोआप चोरलं जातं."

"आई, मी अडवू?"

 त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या, "तू उपरी. तुझ्यात आमचं रक्त नाही. तुला ते कशाला विचारतात? बस जाऊन पोरीच्या दारात, तेवढा तरी उपयोग होऊ दे तुझा."

पुढच्या क्षणी ते भान गेलं. "ही बाई माझे केस उपटते," त्या ओरडल्या, आणि फणी माझ्या तोंडावर फेकली.

ओठ फुटला, रक्त आलं. पण मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या मला घालूनपाडून बोलत होत्या, आणि मला वाटत होतं, या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी दिलंय. मी परकी. माझं रक्त वेगळं. माझ्या शरीराला ते ओळखत नाहीत, म्हणजे मी नुसती भिंत. आणि भिंतीतून कुणी जात नाही.

असलं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण दारात बसल्याने कुणाचं नुकसानही होत नाही.

७

ठकीच्या निकालाचा दिवस आला. संध्याकाळी तिला डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं, सोबत मी. असले निकाल त्या फोनवर सांगत नाहीत.

जेवणं झाल्यावर मी हात जोडून देवाला सांगितलं. आज दिवा दुसऱ्यांदा लावते. ठकीच्या उंबऱ्यात बसते. तेवत असेपर्यंत उठणार नाही, बोलणार नाही. एवढंच माझ्याकडे आहे, एवढंच देते. तू पोरीला सोड.

मी दिवा उचलून बोळात आणला, ठकीच्या उंबऱ्यात बसले, आणि दिवा पायांशेजारी फरशीवर ठेवला. पाय लांब करून समोरच्या भिंतीला टेकवले. बोळ बंद. माझ्या पाठीमागे ठकी टेबलाशी होती.

"आई, हे काय आता? वाहतूक पोलीस झालीस का?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"बरं बाई." तिचा आवाज मऊ झाला. त्या दिवशी तीही घाबरलेली होती. "बस. मला बरं वाटतंय तू आहेस ते." मग कानस सुरू झाली, सर्र सर्र, एका सुरात. मला वाटलं, देव आहे.

दुपार कलली. बल्बच्या पिवळ्या उजेडात बोळ नेहमीसारखाच दिसत होता. कोरी भिंत, खोल्यांची दारं, टोकाला पुढचं दार, आतून कडी लावलेलं. त्याच्या जरा अलीकडे सासूबाई आपल्या दारात स्टुलावर बसून पेंगत होत्या. आमच्या खोलीत हे औषध घेऊन झोपलेले. वातीवर काजळी धरली होती. तेल अजून बरंच होतं.

सासूबाईंनी मान वर केली. उठल्या. भिंतीला पाठ लावली.

"या."

मी पाय आणखी घट्ट रोवले. टाचा भिंतीत घुसतील इतके.

मग आमचं दार उघडलं. हे झोपेतून उठून आले, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीला टेकले. हात पोटावर.

"या."

टक.

या वेळी लांबून नाही. माझ्यापासून एका माणसाच्या अंतरावर. आणि त्या लादीला इतकी वर्षं ऐकतेय मी. थंडीने आक्रसली की ती एकदाच वाजते. वजन पडून उचललं की दोनदा.

टक.

मी मनात देवाचं नाव घेत होते. ओठ मिटलेले. मी उपरी आहे, मी भिंत आहे, मला विचारायचं कारण नाही. ज्योत माझ्या बाजूला झुकली. वारा नव्हता. झुकली आणि तशीच राहिली, कुणी तिच्या अगदी जवळ येऊन थांबावं तशी.

पाठीमागची कानस थांबली.

मला वाटलं होतं, काहीतरी माझ्यावर चालून येईल. ढकलेल, ओढेल, निदान रागावेल. त्याची तयारी केली होती मी. इतकी वर्षं या घरात खांदे आणि चिमटे खाल्लेत, आणखी एक खाल्ला असता.

पण कुणी ढकललं नाही. दिव्याच्या उजेडात, माझ्या लांबवलेल्या पायांच्या पलीकडे, वरचं काही दिसत नव्हतं, फक्त दोन हात दिसले. पोटावर बांधलेले. म्हातारे, शिरा वर आलेले, कातडी सैल पडलेली. माझ्यासमोर अंग चोरून, अदबीने, मी वाट देईन याची वाट बघत उभे. घाई नाही. रागही नाही.

अंगठे मुठींच्या आत मिटलेले.

मी ओरडले नाही. तेल होतं, दिवा तेवत होता, माझा शब्द होता. मी जागची उठले नाही. नेमातलं एक अक्षर मी मोडलं नाही, हे देवाला माहीत आहे, तुम्हीही लक्षात ठेवा.

फक्त माझे पाय गुडघ्यात वाकले. मी वाकवले नाहीत. कुणी समोर येऊन इतक्या नम्रपणे उभं राहिलं की ते वाकतात. दाराच्या चौकटीला पाठ लागली, पोट आत गेलं, हनुवटी छातीशी आली. उंबऱ्यात एका माणसापुरती जागा झाली.

ज्योत दुसऱ्या बाजूला झुकली. मग सरळ झाली.

पाठीमागे ठकीने खुर्ची मागे ओढली. खर्र.

"बसा ना," ती म्हणाली.